गेरूचा उजवा पुठ्ठा

१

सुई मोतद्दाराला सापडली.

सकाळी तबेल्यात गेरू घोड्याच्या खणातलं ओलं गवत दाताळ्यानं ओढत असताना कोपऱ्यात काहीतरी चकाकलं. म्हाताऱ्यानं वाकून उचललं. रिकामी सिरिंज, पुढे लांब बारीक सुई. घोडे धुण्यात, घासण्यात त्याची हयात गेली होती, पण इतकी नाजूक सुई त्यानं कुठल्या घोड्याला लागलेली पाहिली नव्हती. विंचू धरावा तशी ती दोन बोटांत धरून तो मालकाकडे गेला.

आणि तिथल्या तिथे, मालकाच्या कपातला चहा निवायच्या आत, गुन्हेगार ठरला.

मालकाची बायको. घरात तिला थोरली म्हणत. लग्नाआधी ती दवाखान्यात नर्स होती, म्हणजे सुई धरता येणारी. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, म्हणजे जळणारी. रोज दुपारी गेरूला गाजरं द्यायला जायची, म्हणजे संधी असलेली. झाला पुरावा! ज्या बाईला मूल नाही तिच्या डोळ्यांत दुसऱ्याचं फळ खुपतं, हे गणित सोडवायला अक्कल लागत नाही. घरात चार माणसं जेवायला बसली की ते आपोआप सुटतं.

गेरू हा त्या तबेल्याचा पैदाशीचा घोडा. गेरूसारखाच लाल. लांबलांबून लोक आपल्या घोड्या त्याच्याकडे आणत. यंदाच्या हंगामात एकही घोडी गाभण राहिली नव्हती. आधी दोष घोड्यांवर गेला. घरच्या दोन चांगल्या घोड्या वांझ म्हणून विकून टाकल्या. मग बाहेरून आलेल्याही रिकाम्या परतायला लागल्या, तेव्हा कुठे कोणाच्या तरी डोक्यात आलं की एवढ्या सगळ्या घोड्या एकदम कशा वांझ होतील? तरीसुद्धा घोड्यात दोष असेल असं कोणी म्हटलं नाही. घोड्याला कोणीतरी काहीतरी केलं, असं म्हटलं.

मालकानं शहराच्या टोकाला राहणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन लावला. "गेरूला विष टोचलंय. तुम्ही या, बघा, आणि तसं लिहून द्या. बाकीचं मी बघतो."

"बाकीचं म्हणजे काय?"

"हिला घराबाहेर काढायची. सगळ्यांना कळू दे काय केलं ते. आणि घोडा खच्ची करून टाकायचा. माझ्या दारात बिनकामाचं काही ठेवत नाही मी."

२

डॉक्टरबाई एकट्या राहत. खाली दवाखाना, वर दोन खोल्या, मागे एका घोड्यापुरता खण आणि जरासं मैदान. त्यांची स्वतःची म्हातारी घोडी गेल्यापासून खण रिकामाच होता. घोडी गेली तरी रोज संध्याकाळी त्या मागचं दार उघडून बघत, आणि मग आपणच स्वतःवर चिडून ते लावून घेत. कधीकाळी त्यांना नवराही होता. त्याच्याबद्दल त्या बोलत नसत. बोलायला घरात कोणी नव्हतंच.

मालक तबेल्याच्या फाटकातच उभा होता. उंच, रुंद, मान बैलासारखी. चाळिशीतला माणूस, पण मानेवर आणि कपाळावर कॉलेजातल्या पोरासारखे लाल पुरळ. त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची मागवली आणि स्वतः उभा राहिला.

"बसा ना तुम्हीही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मला नाही आवडत बसायला. तुम्ही लिहिताय ना?"

"आधी घोडा बघते, मग लिहिते. उलटं करणारे डॉक्टरही मिळतात, पण ते तुम्हाला दुसरीकडे शोधावे लागतील."

गेरू देखणा होता. त्यानं म्हाताऱ्या मोतद्दाराच्या खांद्यावरून डोकं काढून डॉक्टरबाईंचा खिसा हुंगला. त्यांनी पिशवीतून स्पिरिटचा बोळा काढून हात पुसायला घेतले, आणि तोच घोडा पिसाळला. डोळे पांढरे झाले, कान मागे गेले, मागच्या पायांनी त्यानं फळकुटं वाजवली. मोतद्दार दोराला लोंबकळला.

"ए बाबा, ए राजा! काय झालं रे?"

डॉक्टरबाईंनी बोळा लांब फेकला, नळाखाली साबणानं हात धुतले आणि वाट पाहिली. वास गेला तसा घोडा निवला.

मग त्यांनी त्याला हळूहळू तपासला, स्पिरिट न लावता मानेतून थोडं रक्तही काढून घेतलं. मान जाड, ताठ, अयाळीखाली उंचवटा आलेला. ताप नाही, खाणं उत्तम, लीद चांगली, अंगावर तेज. विष लागलेल्या जनावराचं अंग असं नसतं. पण खाली हात घातला तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. एवढ्या दांडग्या घोड्याचे वृषण शिंगराचे असावेत तसे होते. लहान, मऊ, पिळून टाकलेल्या फळासारखे.

त्यांनी एक घोडी समोर आणायला सांगितली. गेरू असा उसळला की दोन माणसं कमी पडली. नमुना मिळायला वेळ लागला नाही. खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून त्या बघत बसल्या. निरोगी घोड्याच्या थेंबात बाजाराच्या दिवसासारखी गर्दी असते, धक्काबुक्की असते. इथे रिकामी गल्ली होती. कुठेतरी एखादाच, तोही वाट चुकल्यासारखा एका जागी गोल फिरत असलेला.

भूक दुप्पट आणि बी संपलेलं. असं कुठलं विष करतं?

त्या परत खणात गेल्या. मानेवर दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली, काही नाही. डावा पुठ्ठा चाचपला, काही नाही. मग त्या वळसा घालून उजवीकडे गेल्या. उजव्या पुठ्ठ्याच्या वरच्या अंगाला हात लागताच घोड्याचं सगळं कातडं थरथरलं. त्याच्या खाली, मांसात खोलवर, गाठी होत्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. तेलातलं औषध पुन्हा पुन्हा एकाच जागी टोचलं की येतात तशा.

गेरूला खरंच कोणीतरी टोचत होतं. एकदा नाही, महिनोन्‌महिने.

३

"लिहिलंत?" मालकानं बाहेरूनच विचारलं.

"नाही. मला घरातल्या सगळ्यांशी बोलायचंय. एकेकाशी."

"कशाला? सुई सापडलीय, नर्स घरात आहे. अजून काय पाहिजे, बँडबाजा?"

"मालक, तुम्हाला माझी सही पाहिजे ना? मग माझ्या पद्धतीनं."

तो काहीतरी पुटपुटत गेला. जाताना वाटेत आलेल्या बादलीला त्यानं अशी लाथ घातली की बिचारी बादली गेरूपेक्षा जास्त घाबरली असेल.

मोतद्दार घोड्यांच्या चंदी-दाण्याच्या खोलीत पोत्यावर बसला होता. सुई आपण दाखवली म्हणून थोरलीवर हे आलं, हे त्याला सकाळपासून खात होतं.

"तुम्ही घोड्याला औषध टोचता कधी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"टोचतो की. तुमच्याआधीच्या डॉक्टरनं शिकवलंय."

"कुठे टोचता?"

"मानेत. दुसरीकडं कुठं? पुठ्ठ्यावर टोचायला मागं गेलात तर लाथ बसेल आणि उद्या तुमच्या नावानं माणसं रडतील."

"कोणत्या बाजूनं जाता?"

म्हातारा हसला. लहान मुलानं चंद्र कुठे राहतो विचारावं तसा. "बाई, घोड्याचं सगळं डावीकडनं. चढायचं डावीकडनं, म्होरकी घालायची डावीकडनं, खरारासुद्धा तिकडनं सुरू. घोड्यात वाढलेल्या माणसाचा पाय उजवीकडं वळतच नाही."

"थोरल्या बाई कुठे उभ्या राहतात?"

"समोर. गाजर देतात आणि त्याच्याशी बोलत राहतात."

"काय बोलतात?"

"मी ऐकत नाही." त्यानं मान खाली घातली. "ऐकलं तर मला इथं राहवणार नाही."

"घोडा बदलला कधीपासून?"

"मागल्या हंगामाच्या शेवटी जरा मंद झाला होता. वय झालं, थकतो की तोही. बाहेरची माणसं आली होती घोडी घेऊन. हा नुसता उभा. कोणीतरी हसलं, म्हणालं, घोडा मालकावर गेलाय." म्हाताऱ्यानं दाराकडे बघून आवाज उतरवला. "मालकाला मूल नाही ना, त्यावरनं. मालक तेव्हा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर महिन्याभरात हा असा पेटला! आता भिंत दिसली तरी घोडी समजतो."

"आणि ते हसणारे?"

"परत आले. तोंडात बोटं घालून गेले. मालकांनी घोड्याला अंगणात दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या."

डॉक्टरबाई उठल्या. दारात थांबून त्यांनी शेवटचं विचारलं, "ती सुई तुमच्या सुयांसारखी होती?"

"छे. आमच्या सुया जाड, खिळ्यासारख्या. ती माणसाची होती."

४

माणसाची सुई. घोड्याच्या पुठ्ठ्यावर, जिथे घोड्याचा माणूस कधी टोचत नाही. जो कोणी हे करत होता तो टोचायला माणसांवर शिकला होता. आणि या घरात माणसांवर शिकलेली एकच व्यक्ती आहे असं सगळे सांगत होते. डॉक्टरबाईंना ते आवडलं नाही. पण आवडत नाही म्हणून पुरावा खोटा ठरत नाही.

घरात शिरताना मालकाचा धाकटा भाऊच समोर आला. सडपातळ, घाबरट, बोलायच्या आधी शर्टाची बटणं मोजणारा.

"डॉक्टर, मी आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे सुया आहेत. मला साखर आहे, लहानपणापासून. पण मी गेरूच्या जवळही जात नाही. मला घोड्यांची भीती वाटते."

"घोड्यांच्या घरात जन्मून?"

"म्हणून तर. दादा मला बाहुला म्हणतो."

त्यानं आपला डबा आणून उघडला. त्यातल्या सुया नखाएवढ्या होत्या. गेरूच्या कातड्यातून त्या पलीकडेही गेल्या नसत्या.

"टोचायला कोणी शिकवलं तुम्हाला?"

"वहिनीनं. आधी मी एकाच जागी टोचायचो. तिनं बघितलं आणि काय तासलं मला! म्हणे, रोज जागा बदल, आज इकडे, उद्या तिकडे, नाहीतर गाठी होतील. अजून मी जेवायला बसलो की विचारते, आज कुठे?" तो पहिल्यांदाच हसला. "आईनंतर असं विचारणारं कोणी नाही मला."

डॉक्टरबाईंनी डबा बंद करून त्याच्या हातात दिला. "दादांचं आणि वहिनींचं कसं आहे?"

"दादा वर राहतो. वजनं उचलतो, आरशात बघतो. वहिनी खाली. कित्येक महिन्यांत मी त्यांना एका खोलीत पाहिलेलं नाही. पूर्वी दादा असा नव्हता. चिडायचा, पण असा नव्हता. आता मीठ कमी पडलं तरी ताट भिंतीवर जातं." मग त्याची बोटं परत बटणांवर गेली. "हे मी बोललो असं सांगू नका. आणि डॉक्टर, वहिनीला खरंच काढतील का हो?"

५

थोरली मागच्या खोलीत होती. खाटेवर एक लहानशी पेटी भरून ठेवलेली. तिच्यात इतकं कमी होतं की झाकण आपोआप बसलं असतं.

"तुम्ही लिहायला आलात ना?" ती म्हणाली. "लिहा. फक्त एक सांगा, दवाखान्यांत ते कळेल का? मला माहेर नाही. मला एवढं एकच काम येतं. जनावराला विष टोचणारी नर्स म्हटल्यावर कोण मला आजारी माणसाच्या खाटेजवळ उभं करील?"

आवाजात रडू नव्हतं. रडून झालेल्या माणसाचा आवाज होता तो.

"टोचलंत का तुम्ही?"

"नाही."

"तेलातलं औषध असेल, तर माणसाला कुठे टोचतात?"

"पुठ्ठ्यावर." ती उभी राहिली आणि तिनं स्वतःच्या कमरेखाली बोट ठेवलं. "इथे. वर, बाहेरच्या अंगाला."

गेरूवर डॉक्टरबाईंची बोटं अडखळली होती ती नेमकी हीच जागा.

त्या खाटेच्या कडेला बसल्या. खोलीत एकच उशी होती, एकच कप होता, खिडकीशी एकच खुर्ची होती आणि ती तबेल्याकडे तोंड करून ठेवलेली. ही खोली त्यांच्या ओळखीची होती. भिंतींचा रंग तेवढा वेगळा.

"गेरूशी काय बोलता?"

थोरलीनं खिडकीकडे पाहिलं. "दिवसभरात जे कोणाला सांगायचं राहतं ते. आज भाजी करपली. आज पाय दुखला. आज कोणी हाक मारली नाही. त्यालाही कोण आहे? भिंतीपलीकडच्या घोड्याला तो फक्त ऐकू शकतो. घोडी समोर आणतात, काम झालं की नेतात. त्याला कोणी कुरवाळतं का?"

"मुलासाठी तुमच्या तपासण्या झाल्या होत्या?"

"माझ्या? सगळ्या. नळ्या घातल्या, फोटो काढले, पोटाला भोकं पाडून बघितलं. सगळं चांगलं निघालं. तरी दोष माझाच राहिला."

"आणि त्यांच्या?"

थोरली हसली. त्या खोलीत ते हसू फार वाईट वाजलं. "त्यांना कोण विचारणार? बघा ना त्यांच्याकडे. असा दणकट माणूस. डॉक्टरनं एकदा विषय काढला होता, तर हे त्याची कॉलर धरायला उठले."

डॉक्टरबाईंना आपल्या नवऱ्याची कॉलर आठवली. कडक इस्त्रीची. त्यानंही तपासणीचा कागद असाच फाडला होता, आणि नंतर दुसरं लग्न केलं होतं. त्या घरातही पुढे पाळणा हलला नाही, हे त्यांना खूप उशिरा, कोणाकडून तरी, बाजारात कळलं. तोवर त्यांची स्वतःला शिक्षा देऊन झाली होती.

त्या खिडकीशी गेल्या. अंगणात मालक गाडीत बसून फोनवर बोलत होता. गाडीतसुद्धा सरळ नाही. डाव्या कुल्ल्यावर सगळा भार टाकून, उजवा उचललेला, कलंडलेल्या बोटीसारखा. त्याला बसायला आवडत नाही, तो म्हणाला होता.

डॉक्टरबाई बराच वेळ त्या माणसाच्या बसण्याकडे बघत राहिल्या. जाड मान. पुरळ. भडका. आणि उजवा कुल्ला.

"पेटीला कडी लावू नका अजून," त्या म्हणाल्या.

६

सगळे गेरूच्या खणासमोर जमले. मालकानं हात पुढे केला. "आणा कागद."

"एक काम राहिलंय. एकेकानं खणात जायचं, घोड्याच्या उजव्या अंगानं, पुठ्ठ्यापर्यंत. बाकी काही करायचं नाही."

"हा काय पोरखेळ लावलाय?"

"पोरखेळच समजा. मोतद्दार, तुम्ही धरून उभे राहा. थोरल्या बाई, आधी तुम्ही."

थोरली गेली. डावीकडून सुरू करून, समोरून वळसा घालून, उजव्या बाजूला. गेरूनं मान वळवून तिची बाही तोंडात धरली आणि सोडली. ती पुठ्ठ्यापाशी उभी राहिली. घोड्यानं एक खूर आरामात दुमडला.

धाकटा देवाचं नाव घेत गेला आणि जिवंत परत आला, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं.

"आता मालक."

"मी कशाला? घोडा माझा आहे."

"म्हणूनच."

"जा ना, दादा," धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो भावाला जा म्हणाला असेल.

मालक गेला. तो अर्ध्यात पोचायच्या आत गेरूनं पुठ्ठा भिंतीला चिकटवला, कान पाडले आणि मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ झाडली की फळी उभी चिरली. मालक मागे उडी मारून बाहेर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि लगेच लाल झाला.

"जनावर आहे! याचा काय अर्थ?"

"एकट्या लाथेला काहीच अर्थ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला कधी मारलंही असेल. म्हणून मी गाठींपासून सुरू करते. घोड्याच्या माणसानं मानेत टोचलं असतं, डावीकडून. इथे पुठ्ठ्यावर टोचलंय, माणसाला टोचतात तिथे, माणसाच्या सुईनं. म्हणजे मोतद्दार सुटले. धाकट्यांच्या सुया नखाएवढ्या. तेही सुटले."

"राहिली कोण मग? नर्स!"

"नर्स. मलाही तसंच वाटलं. पण ही नर्स दिराला जेवताना विचारते, आज कुठे टोचलंस? जागा बदल, गाठी होतील. गेरूच्या सगळ्या गाठी एकाला एक लागून आहेत, एकाच बाजूला. शिकलेला हात असं करत नाही. हे अशा माणसाचं काम, ज्याला कोणीतरी एकदाच दाखवलंय आणि जो तेव्हापासून एकाच जागी टोचतोय. का? कारण तो स्वतःला टोचतो. उजव्या हातानं स्वतःच्या मागे पोचायचं तर उजव्याच बाजूला पोचता येतं. हाताला तीच जागा ठाऊक. घोड्याजवळ गेला तरी तो त्याच बाजूला गेला."

गेरूनं नाक फुरफुरवलं.

"आता औषध. विषानं घोडा खंगला असता. तापानं मंद झाला असता. हा उलट पेटलाय. मान जाड झालीय, माज वाढलाय, आणि बी मात्र आटलंय. असं एकाच गोष्टीनं होतं. नराचं संप्रेरक, मर्दानगीचं म्हणून विकतात ते, बाहेरून भरलं की. शरीराला वाटतं, आपल्याकडे भरपूर आहे, आता बनवायला नको. आतली भट्टी विझते. वरून घोडा सिंह दिसतो आणि आतून रिकामा होतो. रक्त घेतलंय मी, तपासणीत दिसेलच."

"हे सगळं कशावरून मी?"

डॉक्टरबाईंनी अंगणातली खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली.

"बसा ना, मालक. सरळ. दोन्ही बाजूंवर."

तो खुर्चीकडे बघत राहिला. सगळेच बघत राहिले. एवढा दांडगा माणूस, आणि एका लाकडी खुर्चीसमोर त्याचे गुडघे वाकेनात.

"विष नव्हतं ते!" तो शेवटी ओरडला. "ताकदीचं होतं! मी स्वतः घेतो, कित्येक वर्षं! मला काय झालंय? बघा माझ्याकडे! लोक माझ्या घोड्याला हसले, मला हसले. मी त्याला माझ्यातलं दिलं, माझ्यातलं! आणि पेटला की नाही तो? पेटला की नाही?"

तो बोलत होता आणि बोलता बोलता त्यालाच ऐकू यायला लागलं. शब्द सुटले होते, परत येणार नव्हते. धाकट्यानं भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग जमिनीकडे.

"कित्येक वर्षं," थोरली हळूच म्हणाली. माझ्या पोटाला भोकं पाडली तेव्हाही, असं ती पुढे म्हणाली नाही. गरजच नव्हती.

"गप्प बस!" तो गरजला. "तुझ्यामुळे झालंय हे सगळं. तू आणि हे जनावर, दोघं बिनकामाचे! चालते व्हा माझ्या दारातून. दोघं!"

"दोघं?" थोरलीनं विचारलं.

"दोघं! घेऊन जा त्याला. सगळ्यांसमोर सांगतो, नकोय मला!"

थोरली खणाच्या दाराशी गेली आणि तिनं हात पुढे केला. म्हाताऱ्या मोतद्दारानं मालकाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं दोर तिच्या हातात दिला, आणि आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून गेरूच्या पाठीवर टाकली.

७

डॉक्टरबाईंची गाडी मागून, चालत्या माणसाच्या वेगानं. पेटी मागच्या सीटवर. पुढे रस्त्याच्या कडेनं थोरली आणि गेरू. ती घोड्याच्या उजव्या बाजूनं चालत होती. कोणी तिला सांगितलं नव्हतं की घोडा डावीकडून न्यायचा असतो, आणि गेरूची काही तक्रार नव्हती.

उन्हं उतरत होती. कोणी दारातून बघितलं, कोणी खिडकीतून. एक बाई आणि एक घोडा जाताना दिसले की लोक काहीतरी ठरवतातच. ठरवू देत.

चौकापाशी थोरली थांबली. डॉक्टरबाईंनी काच खाली केली.

"तुम्ही म्हणालात तसा तुमच्या घरामागे खरंच खण रिकामा आहे?"

"आहे. वर एक खोलीही आहे. दवाखान्यात टोचायला माणूस लागतो मला. पण मानेत टोचायला शिकावं लागेल."

"शिकेन." तिनं गेरूच्या गळ्यावर हात ठेवला. त्याची छाती अजून भात्यासारखी चालत होती. "हा असाच राहणार का आता?"

"औषध बंद झालं की आधी सगळा जोर उतरेल. पडल्यासारखा होईल, उदास दिसेल. घाबरू नका. मग हळूहळू भट्टी पेटेल. पुढच्या हंगामापर्यंत बहुतेक त्याला पोरं होतील."

एक गाडी हॉर्न वाजवत गेली, गेरूनं कान हलवले, तिनं दोर सैल सोडला.

"म्हणजे बंद केलं तर बरं होतं," ती म्हणाली.

"बऱ्याचदा."

"आणि त्याचं?"

आजपर्यंत नवरा तिच्या तोंडी 'हे' होता; आता पहिल्यांदाच 'तो' झाला. डॉक्टरबाईंनी गिअर टाकला.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही त्यानं."